विमलताई, घाम अजून खारट आहे

विमलताई, शर्यतीच्या दिवशी मी तुमच्या नातीला पावडर फासली होती. घामोळ्याची, अंगाला गार लागणारी. पाठीला, मानेला, काखेत, गुडघ्यांच्या मागेसुद्धा. पोरगी दहा हजार मीटर पळायला निघाली होती आणि दिसत होती पिठाच्या गिरणीतून बाहेर पडल्यासारखी. घाम येऊ नये म्हणून! त्याआधी आठ-दहा दिवस मी तिला नांदेडच्या घरी एसीच्या खोलीत ठेवलं होतं. पडदे ओढून, टरबुजाच्या फोडी खाऊ घालून, तासातासाला खसचं सरबत पाजून. दोन आठवडे मुरुडच्या उन्हात उभं राहून तुम्ही तिच्या अंगात जे भरलंत, ते मी मोठ्या मायेने उतरवून टाकलं.

एसीचं तुम्हाला माहीत होतं. पावडरीचं नव्हतं. मुरुडआजीला हे कळू द्यायचं नाही, असं समूचं आणि माझं ठरलं होतं. आता सांगून टाकते. आता तुम्ही माझं काय करणार आहात?

आपण दोघी विहिणी. तुमचा मुलगा, माझी मुलगी, आणि त्यांची ही एकुलती एक सम्यका, आपली समू. तुम्हाला मुरुडआजी म्हणणारी आणि मला नांदेडआजी. एका पोरीवर दोन आज्यांचा हक्क, म्हणजे भांडण आलंच. आपण ते मन लावून भांडलो.

तुम्ही गेल्यावर पुण्यानुमोदनाच्या दिवशी मंडपात सगळे बोलले. शिस्तप्रिय क्रीडाशिक्षिका. बाहेरून कडक, आतून मायाळू. विद्यार्थिनींच्या आयुष्याला आकार देणाऱ्या. मी ऐकत बसले होते आणि शेजारणीला विचारावंसं वाटत होतं, हे कुणाबद्दल चाललंय हो? तुम्ही पळणाऱ्या पोरींना स्वतःचा घाम चाटायला लावायच्या, हे एकानेही सांगितलं नाही. साडीवर कॅनव्हासचे बूट घालून तुम्ही व्याह्यांच्या दारात उभ्या राहिला होतात, हेही नाही. मग जेवणाच्या वेळी तुमच्या हिमायतनगरच्या चुलतजाऊबाई माझ्याजवळ येऊन हळू आवाजात म्हणाल्या, "जलमभर टळटळीत उन्हात उभी राहिली. उन्हानंच नेलं शेवटी."

माझ्या हातात वरणाचा डाव होता. तो तसाच वर धरून मी म्हटलं, "फुप्फुसाचा आजार होता त्यांना. उन्हाचा काही संबंध नाही. उन्हाने न्यायचं असतं तर आधी मला नेलं असतं, सावलीत बसून बसून नाजूक झालेली मीच आहे."

डावातलं वरण त्यांच्या पदरावर सांडलं. गंमत अशी की वर्षापूर्वीपर्यंत हे वाक्य माझं होतं, ‘ऊनच नेईल या बाईला एक दिवस.’ तुमच्या पाठीमागे मी ते इतक्यांदा बोलले होते, की त्यांनी ते माझ्याकडूनच उचललं असेल.

तेव्हाची मी आठवली की त्या बाईला दोन्ही खांद्यांना धरून गदागदा हलवावंसं वाटतं. कन्याशाळेत मराठी शिकवणारी. पर्समध्ये तीन रुमाल, त्यातला एक सुगंधी कोलन लावलेला. मार्च लागला की छत्री. घाम म्हणजे शिक्षण कुठेतरी कमी पडल्याची खूण, असं मला प्रामाणिकपणे वाटायचं. वर्गात कुणाच्या ब्लाउजला घामाचा डाग दिसला की मी फळ्याकडे तोंड करून शिकवायचे. अशा माझ्या घरी मुलगी बघायला तुम्ही आलात, एप्रिलच्या दुपारी, नांदेडच्या स्टँडवरून चालत. डोक्यावर कापडी टोपी, साडी अंगाला चिकटलेली, चेहरा लालबुंद आणि हसरा.

"ऑटो मिळाला नाही का हो?" मी विचारलं.

"मिळत होता की. पण पाय हायत ना."

मी आत जाऊन बहिणीला म्हटलं, "सासू अशी घामट. आपल्या पोरीचं कसं व्हायचं?" पोरीचं छानच झालं. पोरीच्या आईलाच शिकायला वीस-बावीस वर्षं लागली.

गेल्या वर्षी मार्चअखेर मी मुरुडला आले, ती खरं तर भांडायला. समू लातूरहून सुट्टी काढून तुमच्याकडे राहायला आली होती. महिनाभराने नांदेडला तिची शर्यत, आणि तीही दुपारी चारला सुटणारी. माझ्या मुलीने फोनवर सांगितलं, की सासूबाई तिला भर दुपारी पळवतात. मी पहिल्या एसटीने निघाले. लोह्याला गाडी थांबली तेव्हा चहासुद्धा घेतला नाही, तुम्हाला काय काय सुनवायचं ते मनात जुळवत होते.

शाळेच्या मैदानावर पोचले तेव्हा अकरा वाजून गेले होते. कडुलिंबाखाली पाण्याचा माठ, ओले टॉवेल भरलेली बादली आणि शाळेचा वजनकाटा. तुम्ही सावलीच्या बाहेर उभ्या. काळा टी-शर्ट घातलेली समू संथपणे फेऱ्या मारत होती, इतकी संथ की मीसुद्धा तिच्याबरोबर चालले असते.

"विमलताई, कुत्रीसुद्धा सावलीला गेली आहेत."

"म्हणून तर मैदान मोकळं हाय."

"पोरीला भाजताय तुम्ही."

"बाई, तुमच्या घरी लोणचं एका दिसात मुरतं का?"

तुम्ही मला कायम बाई म्हणालात, मराठीच्या बाई. विहीणबाई म्हणायची वेळ आली तरी त्यातलं विहीण गाळून.

मग त्या झाडाखाली तुम्ही मला सांगत गेलात आणि मी छत्री उघडीच ठेवून ऐकत गेले. पहिल्या दिवशी नुसतं चालणं आणि चार-दोन हलक्या फेऱ्या. मग रोज थोडं थोडं वाढवायचं. वेगाचं काम सगळं सकाळी गारव्यात. "दुपारी फक्त वळख. पोरीची उन्हाशी, उन्हाची पोरीशी." पळायच्या आधी वजन, पळाल्यावर वजन. जेवढं उतरलं तेवढं पाणी हळूहळू पोटात गेलंच पाहिजे, त्यात चिमूट मीठ, थोडी साखर. सकाळी अंथरुणातून उठायच्या आधी नाडी.

आणि दर फेरीला तो प्रश्न. समू समोरून गेली की तुम्ही ओरडायच्या, "आज कोणती भाजी खाल्ली?"

"चवळी!"

पुढच्या फेरीला, "काल?"

"शेपू!"

मला वाटलं, तुम्हाला विसरायला होतं. तसं मी म्हटलंही. तुम्ही हसून म्हणालात, "बाई, उन्हात आधी डोकं जातं, पाय मागून. पाय खोटं बोलतात, पळत ऱ्हातात. म्हणून मी पायांना इचारत न्हाई."

तिसऱ्या दिवशी माझ्यासमोरच ते घडलं. तुम्ही भाजी विचारली आणि समू म्हणाली, "बुधवार." एवढंच. तुमच्या साठीच्या पुढच्या वयात तुम्ही ज्या चपळाईने धावलात, ते मी विसरणार नाही. तिला दंडाला धरून सावलीत आणलंत, बूट काढले, मानेवर, काखेत, मांड्यांवर ओले टॉवेल, डोक्यावर तांब्या. हातवारे नाहीत, ओरडणं नाही. ती शुद्धीत नीट बोलायला लागली तेव्हा तुम्ही एवढंच म्हणालात, "आजचं बास. अंगानं सांगितलं, आपण ऐकलं." दुसऱ्या दिवशी तिला मैदानावर येऊच दिलं नाहीत. मी तुम्हाला हट्टी समजत होते. हट्टी माणूस पळणाऱ्याला थांबवत नाही.

आता चाटण्याचं. रोज पळणं झालं की तुम्ही म्हणायच्या, "चाट." समू स्वतःचं मनगट चाटायची. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला शिसारी आली. मी कोलनचा रुमाल नाकाला लावला.

"कसा हाय?"

"लई खारट, आजी."

पाठीवर काळ्या टी-शर्टला मिठाचे पांढरे ओघळ उमटायचे, वाळले की जिल्ह्याचा नकाशा. काळाच टी-शर्ट का, ते तेव्हा कळलं. आणि मी राहिले तेवढ्या दिवसांत डोळ्यांदेखत तो नकाशा पुसट होत गेला. घाम मात्र वाढला. पळायला लागून दोन मिनिटं होत नाहीत तोवर कपाळ ओलं. एक दिवस समू मनगट चाटून म्हणाली, "मुरुडआजी, हे तर पाण्यावानी लागतंय." तुम्ही अशा हसलात, जणू कुणी पेढे वाटले.

"अंग लई हुशार असतं, बाई," तुम्ही मला म्हणालात. "मीठ वाया जाऊन राहिलंय, हे त्याला कळतं. मग ते मीठ आत ठेवतं आन् पाणी भायेर सोडतं. तेबी लवकर. तापायची वाट बघत न्हाई. रगतातलं पाणी वाढतं, मग काळजाला तेवढ्याच पळण्याला कमी धडधड करावी लागते. हे सगळं आपोआप. कुणी शिकवलं त्याला? फक्त रोज थोडं थोडं उन्हाला न्यावं लागतं. आन् मधी सोडून दिलं की इसरतं."

मी वर्गात व्याकरण शिकवताना पोरी पेंगायच्या. तुम्ही घामावर बोललात आणि माझी छत्री कधी मिटली ते मला कळलं नाही. पण हे मी तुम्हाला सांगितलं नाही. मी काय म्हणाले आठवतं? "बरं बरं, पण पोरीचा रंग गेला ना."

आपलं ते छत्रीचं भांडण तर तसंच राहिलं. छत्री पावसासाठी असते, हे तुमचं म्हणणं. छत्रीचा शोध उन्हासाठीच लागला, हे माझं. दोघींकडेही पुरावा नव्हता. माझं म्हणणं अजून तेच आहे, ते मी सोडणार नाही. तेवढं एक भांडण चालू राहू दे.

शर्यत नांदेडला, म्हणून शेवटचे दिवस समू माझ्याकडे राहणार, हे मी भांडून मिळवलं. निघताना तुम्ही स्टँडवर मला बजावलं होतंत, "रोज दुपारी अर्धा तास तरी भायेर काढा तिला. सुटू देऊ नका." मी हो हो म्हटलं. गाडी हलल्यावरसुद्धा तुम्ही खिडकीशी चालत होतात, "अर्धा तास!"

आणि मग नांदेडच्या घरी पहिल्याच संध्याकाळी समू जिना चढून वर आली आणि तिच्या नाकाच्या शेंड्यावरून घाम टपकला. एक मजला चढून! मी घाबरले. पोरीच्या अंगात काही राहिलंच नाही, सगळं गळून चाललंय, असं मला वाटलं. तुम्ही दोन आठवडे ज्याची वाट बघितली होती, तेच समोर दिसलं आणि मी त्याला दुखणं समजले. पडदे ओढले. एसी लावला. तिने दोनदा विचारलं, "आजी, जाऊ का थोडं बाहेर?" मी म्हटलं, "गप पड. नांदेडचं ऊन वेगळं असतं." वेगळं म्हणजे कसं, ते मलाच ठाऊक नव्हतं. मग पावडर.

अर्ध्या शर्यतीपर्यंत ती पुढच्या पोरींत होती. नंतर तिचा चेहरा विटेसारखा झाला आणि पाय जड पडायला लागले. एकेक पोर तिच्या पुढे जात होती. मी जाळीला धरून उभी, आणि तिची फेरी समोर आली की ओरडत होते, "समू, भाजी कोणती?" बाजूचे लोक माझ्याकडे बघायला लागले. तिने दर वेळी उत्तर दिलं, म्हणून मी तिला ओढून बाहेर काढलं नाही. तुमचं तेवढं एक माझ्याकडून घडलं. शेवटच्या फेऱ्या ती जवळजवळ चाललीच. रेषा ओलांडून सावलीत येऊन बसली आणि म्हणाली, "अंग ऐकतच नव्हतं, आजी. मुरुडला ऐकायचं." रडली असती तर बरं झालं असतं. रडले मीच, आणि रडतच तुम्हाला फोन लावला.

त्या फोनवर तुम्ही जे बोललात ते माझ्याजवळ आहे. ते शेवटी.

या वर्षी तुम्ही तिला फेब्रुवारीपासून सकाळचं पळवायला सुरुवात केलीत. खोकत होतात. उन्हाची वेळ आली तेव्हा तुम्ही लातूरच्या दवाखान्यात होतात, नाकाला ऑक्सिजन लावून. समू खुर्ची ओढून तुमच्यापाशी बसायची आणि तुम्ही बोटाने खिडकी दाखवायच्या, जा म्हणून, दुपार चालली म्हणून. ती गेली नाही. आयुष्यात तिने तुमचं एवढं एकच ऐकलं नसेल.

एका दुपारी ती औषधं आणायला खाली गेली होती. मी मोसंबी सोलत होते. सोलता सोलता मी आपलं चेष्टेने विचारलं, "काय विमलताई, आज कोणती भाजी खाल्ली?"

तुम्ही माझ्याकडे बघितलंत. उत्तर आलं नाही. उत्तराला वेळ लागला म्हणजे काय, हे तुम्हीच शिकवलं होतंत. मोसंबीची फोड माझ्या हातात तशीच राहिली. मग तुम्ही मास्क थोडा बाजूला केलात आणि म्हणालात, "दवाखान्याची हाय. तिला नाव न्हाई."

मी इतकी हसले की नर्स डोकावून गेली. तेव्हाच म्हणायला हवं होतं, विमलताई, तुमचं बरोबर होतं, माझं चुकलं. पावडरीचंही तेव्हाच सांगायचं होतं, तुम्ही आणखी हसला असतात. मी म्हटलं, उद्या सांगू. दुसऱ्या दिवशी मी तोच प्रश्न विचारला आणि तुम्ही नुसत्या बघत राहिलात. तुमच्या नियमाप्रमाणे मी तुम्हाला धरून सावलीत न्यायला हवं होतं. पण त्या खोलीत सगळी सावलीच होती.

तुम्ही गेल्यावर समू लातूरच्या घरी कूलरसमोर पडून राहायला लागली. बूट पलंगाखाली. या वर्षीची शर्यत मे महिन्यात आहे, पुन्हा दुपारचीच. नाव आधीच दिलेलं. दिवस जात होते आणि मला मनातल्या मनात दिसत होतं, तिच्या अंगाला गेल्या वर्षी जे आलं होतं त्यातलं आता काही उरलेलं नाही, आणि नवं काही शिरत नाही. तुमचा मुलगा म्हणाला, "राहू द्या आता. आई नाही. कोण उभं राहणार आहे त्या उन्हात?"

मी म्हटलं, "मी."

तुमच्या सुनेला हसू आलं. तुम्ही गेल्यापासून घरातलं ते पहिलं हसू. "आई, तू दूध आणायलासुद्धा छत्री घेऊन जातेस!"

समूने मान वर करून माझ्याकडे बघितलं. मग वाकून पलंगाखालचे बूट ओढले.

परवा आम्ही दोघी मुरुडला आलो. तुमच्या घराचं कुलूप काढलं. दारामागच्या खुंटीला तुमची टोपी होती, कडेला वर्षानुवर्षांच्या मिठाच्या पांढऱ्या रेघा. आज मी छत्री घेऊन मैदानावर निघाले तर समूने ती काढून घेतली. "नांदेडआजी, छत्री न्हाई चालत. हात मोकळे लागतात." आणि टोपी माझ्या डोक्यावर ठेवली. मी, जी पाहुण्यांचा कंगवासुद्धा वापरत नाही, ती टोपी न धुता घालून मैदानावर गेले.

माठ भरला. टॉवेल भिजवले. वजन केलं. नुसतं चालणं आणि हलक्या फेऱ्या, तुम्ही सांगितल्याप्रमाणे. पहिल्या फेरीला मी ओरडले, "आज कोणती भाजी?"

"मेथी!"

"काल?"

"दोडका!"

पुढच्या फेरीला काय विचारायचं ते मला आठवेना. कानशिलं तापली होती, डोळ्यांपुढे मैदान पांढरं झालं होतं. समू माझ्यासमोर आली, जागच्या जागी पळत उभी राहिली आणि म्हणाली, "आन् तुम्ही कोणती खाल्ली, आजी?"

मला सांगता येईना. खरंच येईना. तिने मला दंडाला धरलं, कडुलिंबाखाली बसवलं, मानेवर ओला टॉवेल टाकला आणि म्हणाली, "तुमचं आजचं बास. उद्या थोडं जास्त." तुमचाच आवाज. मग मी सावलीत, ती उन्हात, अशा तिने उरलेल्या फेऱ्या केल्या आणि आम्ही एकमेकींना भाज्या विचारत राहिलो.

पळणं झाल्यावर मी म्हटलं, "चाट."

"लई खारट."

टी-शर्टावर अख्खा जिल्हा उमटला होता, लोहा-कंधारसकट. घाम उशिरा आला, थोडा आला, खारट आला. सगळं पहिल्यापासून. कुणाचं लक्ष नाही बघून मी वरच्या ओठावरचा माझाही चाखला. सत्तरीत पहिल्यांदा. विमलताई, काय सांगू, माझ्या अंगाला काडीचीही अक्कल नाही, सगळं मीठ बाहेर टाकून देतंय.

उद्या पुन्हा जायचं आहे. मे यायला दिवस थोडेच आहेत आणि पोरीचं अंग कोरं आहे. कशाच्या भरवशावर मी हे आरंभलं, असं तुमचा मुलगा विचारतो. तो गेल्या वर्षीचा फोन, दुसरं काय. शर्यतीच्या मैदानावरून मी तुम्हाला सगळं सांगितलं होतं, पावडर सोडून. पडदे, एसी, खसचं सरबत, विटेसारखा झालेला तिचा चेहरा. माझं सांगून संपलं. तुमच्या अंगणात कुणीतरी भांडी घासत होतं, तो आवाज मला येत होता. मला वाटलं, आता ही बाई पुन्हा माझ्याशी बोलणार नाही. मग तुम्ही म्हणालात:

"पोरगी पडली न्हाई ना? मग झालं. गेलेलं परत येतं, बाई. एकदा शिकलेलं अंग दुसऱ्या खेपेला लवकर शिकतं. पण मी एकटी किती दिस उभी ऱ्हाऊ? पुढच्या साली तुम्हीबी या उन्हात. आन् येताना सोताची टोपी घेऊन या, माझी मिळायची न्हाई."